गाव दाखवताना तोल कसा राखायचा?

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा भागावर २२ मिनिटांचा प्रवासपट करतेय. पहिला मसुदा वाचून एक सहकारी म्हणाला, "स्वर्गच दाखवलायस." दुसरा म्हणाला, "दुःख उगाळलंयस." निम्मं गोड आणि निम्मं कडू ठेवलं तर तोल साधेल का?
— निवेदिका, नाशिकरोड

उत्तर : नाही साधणार. धबधब्यामागे लगेच कोरडी विहीर जोडली तर दोन टोकं शेजारी बसतात, इतकंच. ही दोन्ही दृश्यं एकाच गावातली कशी, हे निवेदनातून कळलं पाहिजे. पेठ-सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो. पण उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. पाणी मुरायच्या आत दमणगंगा, नार, पार या नद्यांतून गुजरातेकडे उतरतं. जिल्ह्यातल्याच इगतपुरीत तर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, अप्पर वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि मे महिन्यात पाड्यांवर हंड्यांची रांग लागते. हे कारण दोन वाक्यांत सांगितलंत की धबधबाही खरा वाटतो आणि विहीरही.

त्यासाठी पहिलं काम म्हणजे प्रत्येक प्रसंगाच्या निवेदनात महिना घालायचा. ऑगस्टमध्ये चित्रीकरण करून "हिरवागार निसर्ग लाभलेलं गाव" म्हटलं की उरलेलं वर्ष पुसलं जातं. शक्य असेल तर मे महिन्यात दोन दिवस परत जा. खर्च झेपत नसेल तर ऑगस्टमध्येच त्या विहिरीच्या काठावर गावातल्या बाईला विचारा, "होळीनंतर इथं पाणी किती खाली जातं?" त्या हातानं खोली दाखवतील, ते दृश्य ठेवा.

दुसरं काम लाल पेनाचं. "अजूनही", "निरागस", "भोळेभाबडे", "अल्पसंतुष्ट" हे शब्द मसुद्यात शोधा आणि खोडा. सगळ्यात घातक "अजूनही". "इथले लोक अजूनही नागलीची भाकरी खातात" या वाक्यात नागली (नाचणी) म्हणजे मागे राहिल्याची खूण ठरते. त्याऐवजी सांगा, की उतारावरच्या हलक्या वरकस जमिनीत नागली आणि वरई तग धरतात, म्हणून ती पिकं घेतात. राबाचंही तसंच. पावसाआधी पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून रोपाची जागा भाजतात; तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं, रोप जोमानं येतं. नुसता धूर दाखवून "जंगल जाळणारी प्रथा" म्हणणं अर्धवट, आणि फांद्या छाटल्यानं झाडांवर येणारा ताण लपवणंही अर्धवट. दोन्ही सांगा, आणि शक्यतो शेतकऱ्याच्याच तोंडून.

तिसरं, प्रश्न. "इथं राहून कसं वाटतं?" याला "बरं वाटतं" एवढंच उत्तर येतं. "वर्षातले किती महिने घरी असता?" असं विचारा. ऑक्टोबर छाटणीला इथली कितीतरी माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. हा धागा सुटला तर पाड्याचं अर्धं जगणंच पडद्यावर येत नाही. मजुरी रोजावर की एकराच्या उक्त्या दरावर, उचल (आगाऊ रक्कम) घेतली का, मुलं कुणाकडे ठेवली, हेही विचारा. न सांगितल्यास पुन्हा छेडू नका.

तुम्ही स्वतः चिखलात उतरून आवणी (भाताची रोपलावणी) करून पाहणार असाल तर तो भाग २० सेकंदांपेक्षा लांबवू नका. नाहीतर कष्टाचा खेळ होतो. आणि तुमची चूक तिथल्या बाईंना दुरुस्त करू द्या : रोप फार खोल खोचलं की फुटवे कमी येतात. मग जाणकार त्या ठरतात, तुम्ही शिकणाऱ्या. कॅमेराही बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवा. बसलेल्या माणसावर उभ्यानं रोखला की तो केविलवाणा दिसतो.

निवेदन एकूण १,००० शब्दांच्या आत बसवा. मिनिटाला ११० शब्दांच्या संथ गतीनं ते नऊ मिनिटं होतात. उरलेली तेरा माणसांच्या बोलण्याला आणि गावाच्या आवाजाला. प्रत्येक ठिकाणी किमान एक मिनिट कुणी न बोलता नुसता आवाज ध्वनिमुद्रित करा, माइकला वारा अडवणारी केसाळ फर लावून. तो नसला की संकलनात रिकाम्या जागी बासरी किंवा करुण सारंगी घुसते, आणि मग शब्द कितीही नेमके असले तरी संगीतच निकाल देऊन टाकतं.

प्रश्न : कोकणा आदिवासींच्या बोलीतल्या मुलाखतीवर मराठी आवाज चढवावा की खाली अक्षरं द्यावीत?
— संकलक, सातपूर

उत्तर : अक्षरं द्या. दोनच ओळी, आणि दोन ओळींना साधारण सहा सेकंद. आवाज चढवावाच लागला तर आधी मूळ बोलणं दोन-तीन सेकंद मोकळं ऐकू द्या, शेवटचे शब्दही मोकळे सोडा. म्हातारीसाठी कापरा, रडवा आवाज निवडू नका; तिनं खणखणीत सांगितलेलं असतं. भाषांतर त्याच पाड्यावरच्या दोघांना वाचून दाखवा. पिकांची, नात्यांची, देवांची नावं हमखास इथंच चुकतात.

प्रश्न : मुलाखतीचे पैसे द्यावेत का?
— विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : बोलण्याचे नाहीत, बुडालेल्या रोजाचे द्यावेत. सकाळचं काम अडलं तर निम्मा रोज, दिवस गेला तर पूर्ण, गावात चालू असलेल्या दरानं. रक्कम आदल्या दिवशी ठरवा आणि कॅमेरा बंद असताना द्या. चित्रीकरणाची संमती वेगळी घ्या, त्यांना कळणाऱ्या बोलीत. लहान मुलांसाठी आईवडिलांची.

प्रश्न : गावावरून ड्रोन उडवायचा आहे. काय पाहावं?
— छायाचित्रकार, ओझर

उत्तर : आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर ती जागा लाल (बंदीची), पिवळी (परवानगीची) की हिरवी (मोकळी) ते बघा. ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग जवळ असल्यानं आपल्याकडे हे टाळून चालत नाही. मग सरपंचांना वेळ कळवा. घरांच्या अंगणावरून, विहिरीवरून, नदीच्या घाटावरून खाली उडवू नका. तिथं बायका धुणं धूत, अंघोळ करत असतात. वरचं दृश्य आठ-दहा सेकंद पुरे, आणि त्यात वस्ती, शेत आणि पाणी यांमधलं अंतर दिसेल अशी उंची निवडा.