पर्शियन पिल्लू घ्या, पण मृगानंतर; आणि जोडी नकोच

प्रश्न: मी जुळे सोलापुरात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. हातात ४२,००० रुपये येतात, घराचा हप्ता १४,५००. सगळं भागून पाचेक हजार उरतात. अडीअडचणीला ५५,००० बाजूला आहेत, दिवाळीचा बोनस ३२,००० मिळालाय. मुलीला पर्शियन मांजर हवंय. पुण्यातला ब्रीडर डॉल फेस (साध्या नाकाच्या) पिल्लाचे १५,००० आणि पंच फेसचे (चपट्या तोंडाच्या, नाक आत असलेल्या पिल्लाचे) २८,००० सांगतो. जोडी घेतली तर पिल्लं विकून वर्षात पैसे वसूल होतील, असंही म्हणतो. काय करू?

उत्तर: जोडीचा विषय आधी निकालात काढू. वसुलीचा हिशोब विकणाऱ्याने मांडलाय, त्यामुळे त्यात जमेचीच बाजू दिसते. चपट्या तोंडाच्या मांजरींची बाळंतपणं अडतात, सिझर करावं लागलं तर ते बिल तुमचं. पिल्लं किमान आठ आठवडे आईजवळ ठेवायची, त्यांचं खाणं आणि पहिली लसही तुमचीच. आणि ‘पेट क्वालिटी’, म्हणजे फक्त पाळायला, म्हणून विकलेल्या मांजरांच्या पिल्लांना सहसा पेडिग्रीचे, म्हणजे वंशावळीचे, कागद मिळत नाहीत. मग ब्रीडरचा भाव तुम्हाला कोण देणार? विक्रीसाठी पैदास करायची तर नोंदणी आलीच, मिळकत झाली तर ती रिटर्नमध्ये दाखवणंही आलं. हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता एका पिल्लाचं. खाणं १,४००, लिटर (शी-शूसाठीची वाळू) ७००, लस-जंतनाशक-ग्रूमिंगचे सरासरी ५००. उन्हाळ्यातलं विजेचं बिल मिळवून महिन्याला ३,००० धरू. म्हणजे १५,००० ही किंमत पाच महिन्यांच्या खर्चाएवढी झाली. मांजर तेरा वर्षं जगलं तर आजच्या भावाने ४,६८,००० होतात. हेच पैसे एसआयपीत टाकले असते तर किती झाले असते, ते मी मोजणार नाही. त्या हिशोबाने माणसाने चहासुद्धा पिऊ नये.

पंच फेसला १३,००० जास्त कशाचे? नाक जितकं आत, तितका भाव वर. नाक आत गेलं की श्वास अडतो, डोळे सारखे पाझरतात आणि उकाडा सोसत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्याला दिवसभर गार खोली लागेल. जास्त पैसे देऊन डॉक्टरांच्या फेऱ्या विकत घेण्यासारखं आहे हे. घ्यायचंच तर डॉल फेस. गावठी मांजराला हा उन्हाळा अंगवळणी असतो, केस रोज विंचरावे लागत नाहीत. ते चालेल का, मुलीला एकदा विचारून बघा.

पण आत्ता नको. तुमचा खर्च महिना ३७,००० चा, अडीअडचणीला तीन महिन्यांचे १,११,००० तरी हाताशी हवेत. बोनस पूर्ण तिकडे टाका, ८७,००० होतील. उरणाऱ्या पाच हजारांतले दोन हजारही तिकडेच. बाकीच्या तीन हजारांची नोव्हेंबर ते मे आरडी करा, मांजर घरात आहे असं समजून. सात महिन्यांत २१,००० जमतील: १५,००० पिल्लाला, उरलेले लसीला आणि नसबंदीला. मध्येच आरडी मोडावी लागली, तर मांजर परवडत नाही हे पिल्लू आणायच्या आधीच कळेल.

मृग बरसला की पुण्याला जा. यूपीआयवर ॲडव्हान्स पाठवू नका. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, पीकेडी म्हणतात. आई-बापातल्या एकाकडूनही तो येतो आणि बरीच वर्षं लक्षात येत नाही. दोघांच्या डीएनए चाचणीचे रिपोर्ट मागा, टाळाटाळ झाली तर विषय संपला. आई मांजर प्रत्यक्ष बघा, पिल्लाच्या कानामागे आणि पायांवर केस गेलेले गोल चट्टे आहेत का तेही. तो गजकर्णासारखा बुरशीचा आजार असतो, घरातल्या माणसांनाही होतो.

सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मुलीला मात्र पहिल्या फेरीला नेऊ नका. तिने पिल्लू उराशी धरलं की तुमच्याच्याने घासाघीस व्हायची नाही.