6 वर्षांच्या मुलीच्या हृदयाला 14 मिलिमीटरचं भोक (एएसडी) आहे. डॉक्टर छत्री लावू म्हणतात, ही टेक्निक नवीन आहे तर थांबावं का?

भाऊ, पहिले तर मनातून हे काढा की ही टेक्निक नवीन आहे. 1975 मध्येच अमेरिकेत किंग आणि मिल्स या डॉक्टरांनी असं भोक बिना चिरफाडीचं बंद केलं होतं, फक्त तेव्हाची नळी साडेसात मिलिमीटरहून जाड होती, लहान लेकराच्या शिरेत ती कुठून जाणार. आता लहान मुलांसाठी नळी दोन-तीन मिलिमीटरची असते आणि जांघेतल्या शिरेतून वर नेतात. छत्री म्हणतात खरं, पण आहे ती निटिनॉलच्या (निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या) बारीक तारेची जाळी, नळीत ओढली की लांब होते, बाहेर आली की परत आपल्या आकारात येते, दोन चकत्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या दोन बाजूंना आणि मधली कंबर भोकात. मला सगळ्यात धीर आला तो या गोष्टीनं की तारेपासून सोडेपर्यंत ती परत आत ओढता येते, नीट बसली नाही तर काढून पुन्हा लावतात.

माझ्या मुलीचं नागपूरला धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये झालं, आत नेलं तेव्हा मी बाहेर नुसती रडून राहिली होती, आणि दुसऱ्या दिवशी ती पोहे मागत होती. नंतर सहा महिने ॲस्पिरिन दिली, तोवर जाळीवर हृदयाचंच अस्तर चढतं.

पण प्रत्येक भोकाला छत्री चालत नाही. मधल्या भागातलं, सेकंडम म्हणतात ते असेल आणि भोवती साधारण 5 मिलिमीटरची कड, म्हणजे रिम, असेल तर चालतं, प्रायमम (पडद्याच्या खालच्या टोकाचं) किंवा सायनस व्हेनोसस (मोठ्या शिरेच्या तोंडाजवळचं) असेल तर सहसा ऑपरेशनच. आणि गरजेपेक्षा मोठी छत्री बसवली तर क्वचित ती हृदयाची भिंत घासते, म्हणून नंतर कधीही छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर त्याच दिवशी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, उद्यावर टाकू नका. निकेलची ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगा.

थांबण्याचं म्हणाल तर 14 चं भोक आपोआप बुजायची आशा नसल्यातच जमा आहे आणि तोवर उजव्या बाजूवर लोड पडतच राहतो. उद्या डॉक्टरांना एवढंच विचारा, चारी बाजूंची रिम किती आहे? आमच्या पहिल्या रिपोर्टवर ते लिहिलंच नव्हतं, मग दुसऱ्यांदा इको करून घेतला आणि त्यानंतरच आम्ही हो म्हटलं.