‘यांना एकट्याला खाली सोडू का?’

हृदयाचं बायपास ऑपरेशन झालेल्या माणसाच्या घरचे माझ्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच येतो. खाण्यापिण्याचं, गोळ्यांचं नंतर निघतं. विचारणारी बहुधा बायको असते आणि ज्यांच्याबद्दल विचारते ते शेजारच्याच खुर्चीत बसलेले असतात.

अण्णा आणि काकूंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अण्णा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, वय 62. सातारा-स्वारगेट करण्यात हयात गेलेली. माझ्याकडे आले तेव्हा ऑपरेशनला सात आठवडे झाले होते आणि सर्जननं तपासून सगळं छान असल्याचं सांगितलं होतं. पण घर दुसऱ्या मजल्यावर, आणि तेवढ्या दिवसांत अण्णा दोनदाच जिना उतरले होते. दोन्ही वेळा दवाखान्यात यायला, मुलगा आणि जावई दोन्ही दंडांना धरून.

काकू रात्री दोन-तीनदा उठून त्यांच्या नाकाखाली बोट धरायच्या. श्वास चालू आहे ना, ते बघायला. अण्णांना जाग यायची, पण ते डोळे मिटून पडून राहायचे. “उगीच तिला ओशाळल्यागत होईल,” म्हणाले.

“छाती तारेनं बांधलीय हो मॅडम. जिन्यात पाय घसरला नि उसवली तर?” काकूंची खरी भीती ही होती. आणि ती काही अगदीच वेडगळ नाही. बायपाससाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारेनं जोडतात. हाड जुळून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण घट्ट व्हायला तीन महिने. तोवर चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, पाण्याची भरलेली कळशी नाही, सिलिंडर तर नाहीच, खोकताना छातीशी उशी धरायची, आणि स्कूटरचा मोह टाळायचा. पण चालण्यानं हाड उसवत नाही. उलट पडून राहिल्यानं पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि छातीत कफ साचण्याचा धोका वाढतो. म्हणून तर हॉस्पिटलात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पेशंटला उठवून चालवतात, आणि जोरात श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं ते खेळण्यासारखं यंत्र देतात.

हे सगळं मी समजावलं, एक छापील तक्ताही दिला. काय खायचं, किती चालायचं, काय टाळायचं. दोघं बरं म्हणून गेले.

दोन आठवड्यांनी आले ते भांडूनच. काकूंनी तो तक्ता फ्रीजवर चिकटवला होता आणि घराची चौकी झाली होती. अण्णांनी शेंगदाण्याच्या डब्याला हात लावला की नातूसुद्धा ओरडायचा, “आजोबा, तक्ता!” चूक माझी होती. घाबरलेल्या बाईच्या हातात मी नियमांची यादी दिली, आणि तिनं भीतीपोटी तिचा दांडका केला. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी कागद देत नाही.

त्या दिवशी काकूंना चहा प्यायला खाली पाठवलं आणि अण्णांशी एकट्यानं बोलले. बोलताना त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. डावा तळवा उघडा, आणि उजव्या हाताचा अंगठा त्यावर मळत होता. तळव्यावर काहीच नव्हतं. मध्येच दोन बोटांनी थाप मारली, चुना उडवतात तशी. मी बघतेय हे लक्षात आलं तसा त्यांनी हात मांडीखाली घेतला.

“पस्तीस वर्षं,” म्हणाले. “घाटात झोप येऊ नये म्हणून लागली.”

“आता?”

बराच वेळ गप्प. मग कळलं की स्कूटरच्या डिकीत एक पुडी अजून आहे. खाल्लेली नाही, पण आहे. आणि खाली सोडत नाहीत याचं त्यांना एका अर्थी बरंच वाटत होतं, कारण खाली गेलो तर डिकी उघडेन अशी त्यांनाच धास्ती होती.

“डॉक्टर म्हणाले स्मोकिंग बंद. मी कुठं ओढतो?” असं विचारणारे अण्णा पहिले नव्हेत. तंबाखू तोंडात धरली तरी निकोटिन रक्तात जातंच. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात. बायपासमध्ये पायाच्या ज्या शिरा काढून बसवतात त्या मुळात रोहिण्यांइतक्या टिकाऊ नसतात, काळानं त्यांतही चरबी धरते. नळ्या नव्या बसल्या, पण ज्यानं जुन्या बुजल्या तो आजार शरीरात तसाच असतो. हे मी सांगितल्यावर अण्णा म्हणाले, “म्हणजे इंजिन केलं, पण डिझेलात कचरा तसाच.” मी कितीही डोकं लढवलं असतं तरी इतकं नेमकं सुचलं नसतं.

तलफ काही मिनिटांची असते, तेवढी टळली की ओसरते. तेवढ्यापुरतं तोंडात काहीतरी हवं, हातांना काम हवं. अण्णांनी चुन्याच्या डबीत भाजलेली बडीशेप भरायचं ठरवलं. तळव्यावर घेऊन, मळून, टाकायची. शिवाय सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत फोन आहे, 1800-11-2356, तो लिहून दिला. निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगगम मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आणखी एक गोष्ट ते खाली मान घालून बोलले. मालिका बघताना रडू येतं, बारीकसारीक गोष्टीवर ताट सरकवावंसं वाटतं. ड्रायव्हर माणूस, त्यांना याची फार लाज. या ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत असं मन भरून येणं खूप जणांना होतं. पण दोन आठवड्यांहून जास्त सतत उदास वाटलं, झोप-भूक गेली, तर ते डॉक्टरांना सांगायचं, तो हृदयाच्या उपचाराचाच भाग आहे. अण्णांचं हळूहळू निवळलं.

काकू वर आल्यावर आम्ही फिजिओथेरपिस्टला बोलावून कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालायची चाचणी केली. काकूंना म्हटलं, तुम्हीही सोबत चला. तीस मीटर जायचं, वळायचं, परत यायचं. चौथ्या फेरीला काकू धापा टाकत होत्या, अण्णा शांतपणे बोलत चालले होते. शेवटी नाडी मोजली, छाती बघितली, सगळं जागेवर. काकू तिथल्या बाकावर बसून पदरानं डोळे पुसायला लागल्या. मी दोन भेटींत जे बोलून पटवू शकले नव्हते ते त्या कॉरिडॉरनं पटवलं.

मग ठरलं ते साधं. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, जेवणानंतर तासभर जाऊ द्यायचा, दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटं वाढवायची, अर्ध्या तासापर्यंत. चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं तर वेग कमी. पहिला आठवडा काकूंनी सोबत जायचं, नंतर नाही. नंतरच्या ‘नाही’वर काकूंनी बरीच घासाघीस केली.

स्वयंपाकाचं मी एकच बदलायला सांगितलं: अण्णांसाठी वेगळी अळणी भाजी करणं बंद. ती ते खात नव्हते, आणि वर संध्याकाळी नातवाच्या फरसाणात हात घालत होते. त्यापेक्षा सगळ्यांच्याच भाजीत मीठ निम्मं, वरून लिंबू, आमसूल, लसूण. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा मीठ पुरतं, आणि त्यात पापड-लोणचंही मोजायचं. तेल पाच माणसांत महिन्याला पाच लिटर संपत होतं, ते अडीचवर आणायचं. काकूंना स्वतःला रक्तदाबाची गोळी चालू होती. हे सगळं त्यांनाही हवंच होतं.

तक्ता फ्रीजवरून काढायला लावला. त्या जागी फक्त चार ओळी: छातीत पूर्वीसारखं दुखलं, बसल्याजागी धाप लागली, जखमेतून पू आला किंवा हाडात कटकट वाजलं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढून पाय सुजले, तर वाट न बघता दवाखाना. आणि रक्त पातळ करणारी गोळी दात काढायचा असला तरी आपल्या मनानं बंद करायची नाही.

तिसऱ्या भेटीत अण्णांनी ती पुडी माझ्या टेबलावर आणून ठेवली. काकूंना तोवर डिकीचं माहीत नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पुडीकडे आणि मग अण्णांकडे बघितलं. मी पटकन चहा मागवला.

दोन महिन्यांनी संध्याकाळी काकूंचा फोन. “मॅडम, हे खाली जाऊन तास झाला.”

“फोन लागत नाही का त्यांचा?”

“लावलाच नाही. खिडकीतून दिसतायत, वाण्याच्या दुकानासमोर बाकावर बसलेत, चांगले हसतायत.”

“मग काय झालं?”

“कुठं काय,” काकू म्हणाल्या, “तुम्हाला आपलं सांगितलं.”