बक्षीसपत्र करताय? आई-बाबांचा तहहयात हक्क दस्तात लिहून घ्या

ताई, बाबा ७६ वर्षांचे, डोंबिवलीचा स्वकष्टार्जित फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, आणि तो आत्ताच धाकट्या भावाला बक्षीसपत्राने द्यायचं चाललंय. ‘आम्ही आहोत तोवर इथेच राहणार, हे तोंडी ठरलंय’ असं तुम्ही लिहिलंत. त्या ‘तोंडी’पाशीच माझा जीव अडकला.

माझ्या मावशीने हेच केलं. नोंदणी झाली, पेढे वाटले. ‘आजपासून सदर मिळकतीवर माझा कोणताही हक्क राहिलेला नाही’ ही दस्तातली ओळ तिला कुणी वाचून दाखवली नव्हती. तीन वर्षांनी मुलाने घर विकायला काढलं. मी गेलो तेव्हा ती ओट्याशी उभी राहून पितळेचे डबे पुसत होती, त्यातले कुठले बरोबर न्यायचे ते तिला ठरवता येत नव्हतं.

केलेलं बक्षीसपत्र नुसतं मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. त्यामुळे मालकी मुलाची, पण तहहयात राहण्याचा, कब्जाचा आणि भाडं आलं तर ते घेण्याचा हक्क बाबांचा, असं दस्तातच येऊ द्या. देणाऱ्याने हयातभर कब्जा स्वतःकडे ठेवला तरी बक्षीस वैध ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलंय. भावाने पुढे फ्लॅट विकला तरी घेणाऱ्याला हा हक्क मानूनच घ्यावा लागेल.

आणि आई? फ्लॅटवर तिचं नावच नाही. फक्त बाबांचा हक्क लिहिलात तर तो त्यांच्याबरोबर संपेल. ‘दोघांपैकी जे मागे राहील त्याच्या हयातीपर्यंत’ असे शब्द घाला, आईचीही सही घ्या. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी कोण भरणार, तेही लिहा.

सांभाळाची अट वेगळी लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि मुलाने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२२ च्या एका निकालात, अशी अट होती हे दाखवता न आल्याने आईचा दावा टिकला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला, तरी अट लिहिण्याचा आळस करू नका.

एवढं करूनही एक अडचण उरतेच. उद्या बाबांच्या ऑपरेशनला पैसे लागले तर त्यांना एकट्याने फ्लॅट विकता किंवा गहाण ठेवता येणार नाही. म्हणून मी मृत्युपत्राच्या बाजूचा आहे. ते शेवटपर्यंत बदलता येतं, त्याला मुद्रांक शुल्क नाही. मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये (शहरात वर स्थानिक अधिभार), या स्वस्ताईपायी घाई करू नका.

भावाला फ्लॅट आत्ताच नावावर का हवाय, ते आधी विचारा. कर्जासाठी असेल, तर बँक बहुधा आई-बाबांकडून हा हक्क सोडल्याची सही मागेल. त्या कागदावर सही करू देऊ नका.