हरवलेलं घर आणि तीन आकडे
(वाचकांच्या शंका, मोजणीकाकांची उत्तरं)

या महिन्यात माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेमच्या शंका इतक्या आल्या, की सातबारा मोबाइलवर कसा काढायचा हे विचारणाऱ्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. त्यांची माफी मागतो. लेकरांच्या परीक्षा संपल्यात, तेव्हा आधी त्यांचा निकाल लावू. एक सूचना: कमांड (गेमच्या चॅटमध्ये लिहायचे हुकूम) इथं देवनागरीत छापल्या आहेत, गेममध्ये मात्र अक्षरं आणि आकडे इंग्रजीच लागतात. आकड्यांमधली मोकळी जागा गाळू नका, स्वल्पविराम घालू नका.

काका, मी मोबाइलवर माइनक्राफ्ट खेळते. मोठं घर बांधलं होतं, शेजारी गव्हाचं रान होतं. गुहा शोधायला निघाले, वाटेत अंधार पडला म्हणून सोबतच्या पलंगावर झोपले, आणि आता घर सापडत नाही. मेलं तरी त्या नव्या पलंगापाशीच जाग येते. भाऊ म्हणतो टीपी (टेलिपोर्ट, क्षणात दुसऱ्या जागी नेणारी कमांड) मार. त्याच्या जगात मी मारून पाहिलं, तर एकदा आभाळातून पडले आणि एकदा दगडात गाडले गेले. माझ्या जगात चीट्स (कमांड वापरू देणारं बटण) अजून चालू केलेलं नाही. काय करू?
– नववीतली विद्यार्थिनी, सेलू

बरं केलंस की चालू केलं नाहीस. मोबाइलच्या आवृत्तीत एकदा चीट्स चालू केलं की त्या जगात अचिव्हमेंट (गेममधली शाबासकीची पदकं) मिळणं कायमचं बंद होतं. नंतर बटण परत फिरवलं तरी ते येत नाही.

आधी सेटिंगमध्ये जाऊन ‘शो कोऑर्डिनेट्स’ चालू कर. याला चीट्स लागत नाही, अचिव्हमेंटलाही धक्का बसत नाही. पडद्यावर ‘पोझिशन’ आणि पुढं तीन आकडे दिसतील. पहिला एक्स: पूर्वेला वाढतो, पश्चिमेला कमी होतो. दुसरा वाय, म्हणजे उंची. समुद्राचं पाणी ६२ वर असतं. तिसरा झेड, आणि इथंच निम्मी लेकरं फसतात. शाळेच्या आलेखात वरची बाजू अधिक असते, गेममध्ये मात्र दक्षिण अधिक आणि उत्तर उणे. दिशा कळत नसेल तर वर बघ. सूर्य पूर्वेलाच उगवतो आणि ढग कायम पश्चिमेकडं सरकतात.

आता घर. नव्या पलंगावर झोपलीस तेव्हा तुझी पुन्हा जन्मायची जागा बदलली, म्हणून मरून घरी जाता येत नाही. पण होकायंत्र पलंगाला विचारत नाही. त्याचा काटा जग जिथं सुरू झालं त्या जागेकडं असतो. लोखंडाच्या चार विटा आणि थोडं रेडस्टोन (गेममधली लाल भुकटी) एवढ्यात ते होतं. नवशिक्या माणसाचं पहिलं घर बहुतेक वेळा त्या जागेच्या आसपासच असतं, त्यामुळं काट्याच्या मागं चालत गेलीस तरी अर्धं काम होईल.

तरी नाही सापडलं तर हे कर. जगांच्या यादीत तुझ्या जगापुढच्या पेन्सिलीवर दाबून ‘कॉपी वर्ल्ड’ कर. मूळ जगाला हात लावायचा नाही. कॉपीत चीट्स चालू कर, क्रिएटिव्हमध्ये (उडता येतं त्या खेळप्रकारात) जा आणि चॅटमध्ये लिही:

/टाइम सेट नाइट

रात्र यासाठी, की घराच्या मशाली अंधारात लांबून दिसतात. मग होकायंत्राच्या जागेवरून उडत पट्टे पाडून शोध: उत्तरेला सरळ जायचं, थोडं पूर्वेला सरकायचं, दक्षिणेला सरळ परत यायचं. दोन पट्ट्यांत अंतर किती? रेंडर डिस्टन्स (किती लांबचं दिसतं ते) १० चंक, म्हणजे १६-१६ ठोकळ्यांचे दहा तुकडे, असेल तर तुला चोहीकडं १६० ठोकळे दिसतात, म्हणजे ३०० च्या अंतरानं पट्टे पाड. इकडं एकदा, तिकडं एकदा अशी उडत बसलीस तर त्याच त्या टेकड्या पाहशील. मोजणी खात्यात आम्ही रान असंच पालथं घालायचो. घर दिसलं की तीन आकडे वहीत लिही, कॉपी पुसून टाक, आणि मूळ जगात चालत घरी जा. अचिव्हमेंट शाबूत.

आभाळातून का पडलीस आणि गाडली का गेलीस तेही सांगतो. भावाच्या जगात पुन्हा खेळशीलच. कमांड अशी असते:

/टीपी @एस ३४४ ९० -५२०

‘@एस’ म्हणजे कमांड देणारा स्वतः. मधला ९० ही उंची, आणि सगळी भानगड तिथं आहे. त्या जागी डोंगर ११० उंच असेल तर तू दगडाच्या आत उतरतेस आणि गुदमरतेस. जमीन ६४ वर असेल तर २६ ठोकळे खाली येतेस. पहिले ३ ठोकळे माफ असतात, पुढच्या प्रत्येकाला अर्धं काळीज जातं. काळजं दहाच, म्हणजे २३ ठोकळ्यांवरून पडलं की धडधाकट माणूसही संपतो. मोबाइलच्या आवृत्तीत या कमांडच्या शेवटी ‘ट्रू’ लिहिलं तर उतरायच्या जागी दगड आहे का हे गेम आधी बघतो आणि असला तर नेतच नाही. पडण्यावर मात्र त्याचा इलाज नाही. त्यासाठी आधी

/इफेक्ट @एस स्लो_फॉलिंग ६०

दे आणि मग वाय ३०० धरून टीपी मार. पिसासारखी तरंगत उतरशील, आणि उतरता उतरता मुलूखही बघून होईल. (संगणकाच्या जावा आवृत्तीत ‘इफेक्ट’पुढं ‘गिव्ह’ लागतं.)

आकड्याऐवजी ‘~’ हे चिन्ह लिहिलं की त्याचा अर्थ ‘मी आहे तिथून’. गुहेत कोंडली गेलीस तर ‘/टीपी @एस ~ १०० ~’ दिलं की जागा तीच राहते आणि उंची १०० होते.

माझं मत विचारशील तर जाताना पायी जावं, परत यायला कमांड वापरावी. नवा मुलूख टीपीनं पाहिला की त्यातलं काही ध्यानात राहत नाही. रोजच्या पायाखालच्या वाटेला मात्र अर्धा तास घालवण्यात शहाणपण नाही.

काका, मुलगा म्हणतो, ‘पप्पा, माझं गेममधलं शिवार तुमच्यापेक्षा मोठं आहे.’ आमची जमीन ३ एकर २० गुंठे. गेममधली जमीन मोजता येते का, की नुसत्या गप्पा?
– एक शेतकरी, परतूर

येते की! आणि चांगली चोख येते, बांध कोरला म्हणून भांडणही होत नाही. गेमचा एक ठोकळा म्हणजे एक मीटर. गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. तेव्हा दहा बाय दहा ठोकळे म्हणजे एक गुंठा धरा. गेम जमिनीचे १६ बाय १६ चे तुकडे पाडतो, त्याला चंक म्हणतात. उभे चार आणि आडवे चार चंक घेतले की ४,०९६ चौरस मीटर होतात. एकर ४,०४७ चा. गेम लिहिणाऱ्या स्वीडनच्या माणसाच्या मनात एकर असेल असं वाटत नाही, पण जमून आलंय खरं. गेममधला सगळ्यात छोटा नकाशा १२८ बाय १२८ ठोकळ्यांचा असतो. म्हणजे ४ एकर २ गुंठे.

मुलाला शिवाराच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर उभं करा आणि एक्स आणि झेड लिहून घ्या. समजा एका कोपऱ्यावर ३५ आणि -२१०, दुसऱ्यावर १६० आणि -९१ आले. वजाबाकी करा आणि दोन्हीकडं एक मिळवा, कारण कडेचे दोन्ही ठोकळे धरायचे असतात. हा एक मिळवायचा विसर पडतो आणि मग हिशेब जुळत नाही. १२६ गुणिले १२० म्हणजे १५,१२० चौरस मीटर, म्हणजे ३ एकर २९ गुंठे. आकडे असे निघाले तर दादा, तुम्ही ९ गुंठ्यांनी हरलात. पण पोरगा टीपीनं कोपरे गाठत असेल तर त्याला एकदा बांधावरून चालायला लावा. मधे तळं निघालं तर पोटखराबा वजा.

कमांड वापरणं म्हणजे चोरीच ना? मुलाला समजावून सांगा.
– एक आई, अंबाजोगाई

नाही ताई. गेम करणाऱ्यांनीच ती सोय दिली आहे. चार पोरं मिळून खेळत असतील तर मात्र आधी सगळ्यांना विचारून घ्यावं, एकानंच उड्या मारल्या तर बाकीच्यांचा रस जातो. एकटा असेल तर त्याचं जग, त्याचा कारभार. वेळ किती खेळतो हा प्रश्न वेगळा, आणि तो तुम्ही विचारलेला नाही.

आम्ही मित्र संगणकावर देवगिरी किल्ला बांधतोय, मीटरला एक ठोकळा या मापानं. पायथा, चांद मिनार आणि वरची बारादरी यांच्यात सारखं ये-जा करावं लागतं. पायऱ्या चढून कंटाळा येतो. काय सोय करता येईल?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

हे पत्र वाचून मी खुर्चीतून उठलोच. देवगिरीचा डोंगर सुमारे २०० मीटरचा. पायथा समुद्रसपाटीला, ६३ वर धरलात तर माथा २६३ वर येतो. आता ३१९ पर्यंत बांधता येतं, म्हणजे बारादरीला भरपूर जागा उरते. नोव्हेंबर २०२१ मध्ये १.१८ ही आवृत्ती येईपर्यंत मर्यादा २५५ होती. तेव्हा तुमचा किल्ला वरून कापला गेला असता. चांद मिनार ६० मीटरहून उंच आहे, तो खुजा करू नका. पुष्कळ जण करतात.

जावा आवृत्तीत एफ-३ दाबलं की आकडे आणि तोंड कुठल्या दिशेला आहे ते दिसतं. लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागेल. याहून कामाची गोष्ट: एफ-३ दाबून सी दाबा. तुम्ही उभे आहात ती जागा, नजरेच्या दिशेसकट, टीपीच्या तयार कमांडच्या रूपात कॉपी होते. ती चॅटमध्ये चिकटवली की काम झालं. मात्र टिचकी मारून सोडा. दोन्ही कळा दहा सेकंद दाबून धरल्या तर गेम मुद्दाम स्वतःला बंद पाडतो. प्रोग्रामरांनी त्यांच्या सोयीसाठी तसं ठेवलंय.

रोजच्या ये-जा करण्याला कमांड ब्लॉक, म्हणजे आत कमांड साठवणारा ठोकळा, बसवा. क्रिएटिव्हमध्ये

/गिव्ह @एस कमांड_ब्लॉक

दिलं की तो हातात येतो. पायथ्याशी ठेवा, त्याच्यावर उजवी टिचकी मारून आत लिहा:

/टीपी @पी १२० २६५ -८० -९० ०

आणि अंगावर एक बटण लावा. ‘@पी’ म्हणजे सगळ्यात जवळचा खेळाडू, त्यामुळं जो बटण दाबेल तो वर जाईल. मागचे दोन आकडे नजरेचे: पहिला दिशा, दुसरा वर-खाली. सर्वेचं होकायंत्र उत्तरेला शून्य धरतं. गेम दक्षिणेला शून्य, पश्चिमेला ९०, उत्तरेला १८० आणि पूर्वेला उणे ९० धरतो. बारादरीवर उतरल्याबरोबर समोर काय दिसावं ते ठरवून आकडा टाका, नाहीतर पाहुणा भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा.

असं एकेक बटण बारादरीत आणि मिनाराशी लावा. अंधारीत मात्र लावू नका. शत्रूनं त्या काळोख्या वाटेत चाचपडावं म्हणूनच ती खोदलेली आहे. तिला बटणानं वळसा घातला तर बांधली कशाला?

गाव शोधायची ‘/लोकेट व्हिलेज’ ही कमांड चालत नाही. लाल अक्षरं येतात.
– विद्यार्थी, औसा

२०२२ मध्ये आलेल्या १.१९ पासून मधे ‘स्ट्रक्चर’ हा शब्द लागतो. मोबाइलवर ‘/लोकेट स्ट्रक्चर व्हिलेज’ एवढं पुरतं. जावात गावं पाच प्रकारची आहेत: माळावरचं, वाळवंटातलं, सवानातलं, बर्फातलं आणि तैगातलं. कुठलंही चालत असेल तर ‘व्हिलेज’च्या आधी ‘#’ लाव. उत्तरात हिरवे आकडे येतील, त्यांवर टिचकी मारली की टीपीची कमांड आपोआप तयार होते. मात्र उंचीच्या जागी ‘~’ असतो, कारण ‘लोकेट’ उंची सांगत नाही. घाईनं एंटर मारलास तर सेलूच्या मुलीसारखा दगडात जाशील. त्याऐवजी

/स्प्रेडप्लेयर्स ५०० -३०० ० १ फॉल्स @एस

असं दे, आकडे तुझे घाल. ही कमांड उंची विचारतच नाही, त्या जागेच्या सगळ्यात वरच्या ठोकळ्यावर नेऊन उभं करते. मोबाइलवर मधला ‘फॉल्स’ गाळायचा.

नेदरमधून (गेममधल्या पाताळातून) घराजवळ कसं निघायचं?
– विद्यार्थी, किनवट

घराचे एक्स आणि झेड आठानं भाग, वाय भागू नकोस. घर ८०० आणि -१६०० वर असेल तर नेदरमध्ये १०० आणि -२०० वर दार बांध. नेदरचं छत १२७ वर आहे. टीपी मारताना त्याच्यावरचा आकडा टाकलास तर बेडरॉक या टणक दगडाच्या गच्चीवर जाऊन बसशील. तिथून फोडून खाली येता येत नाही, दुसरी टीपी मारणं सोपं.