तारे मोजणारा देव माझं ऐकेल का?

प्रश्न: जय ख्रिस्त. मुलाने व्हॉट्सअॅपवर जेम्स वेब टेलिस्कोपचे फोटो पाठवले. बघून आधी देवाची स्तुतीच केली पण मग मनात आलं, एवढं सगळं सांभाळणाऱ्याला माझं काय पडलंय? मिस्टर गेल्यापासून घर खायला उठतं. बारीकसारीक गोष्टींसाठी प्रार्थना करायचाही आता संकोच वाटतो.
– एक बहीण

उत्तर: जय ख्रिस्त ताई. पहिलं म्हणजे तुमच्या दुःखाला बारीकसारीक म्हणू नका.

जुलै 2022 मधला तो पहिला फोटो मीपण कितीतरी वेळ बघत बसलो होतो. हात लांब करून वाळूचा एक कण धरला तर जेवढं आकाश झाकलं जाईल, तेवढ्याच तुकड्यात हजारो दीर्घिका, आणि त्या एकेकीत अब्जावधी तारे! आता बायबलमधलं स्तोत्र 147 काढा. यरुशलेम पुन्हा उभं राहतंय, पांगलेले लोक परत जमतायत, असा तो काळ. तिसऱ्या वचनात देव भग्नहृदयी लोकांना बरं करतो, त्यांच्या जखमांना पट्ट्या बांधतो आणि लगेच चौथ्या वचनात तो तारे मोजतो, सगळ्यांना नावं देतो. मध्ये एक ओळसुद्धा नाही बघा. माणसाचं पद वाढलं की गाठभेट अवघड होते म्हणून आपण देवाबद्दलही तसंच धरून चालतो, पण गाणाऱ्याला यात काही विसंगत वाटतच नाही. पुढे नवव्या वचनात तर कावळ्याची पिल्लं ओरडतायत आणि देव त्यांना खायला देतोय.

प्रभू येशूने चिमण्यांचा भाव सांगितलाय तो आठवा. मत्तयच्या शुभवर्तमानात एका दमडीला दोन, लूकच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांना पाच, म्हणजे पाचवी फुकटच टाकलेली, आणि प्रभू म्हणतो त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. माझ्या मते तुमच्या संकोचाला याहून सरळ उत्तर नाही. आणि वाऱ्याला, समुद्राला गप्प करणारा हाच प्रभू आपला मित्र लाजर वारल्यावर त्याच्या कबरेकडे जाताना, लाजरच्या बहिणीला, मरीयेला, रडताना बघून स्वतः रडला. थोड्याच वेळात लाजरला मेलेल्यांतून उठवणार होता, तरी रडला.

तेव्हा आज झोपायच्या आधी हे स्तोत्र मोठ्याने वाचा, मिस्टरांचं नाव घेऊन प्रभूशी बोला, रडू आलं तर येऊ द्या. आणि मंडळीतल्या एखाद्या जवळच्या बहिणीला संध्याकाळी प्रार्थनेला घरी बोलवत जा, सगळं एकटीने सोसू नका.