सोमवारचा बाजार मंगळवारी

पोरी,

तुझा आलेख बघितला. औंढ्याला लायगो वेधशाळा येणार म्हणून आपल्याकडची सगळी पोरं गुरुत्वीय लहरींमागं लागलेली असताना तू गॅमा किरणांकडं वळलीस, बरं वाटलं. पण आलेखाखालची ओळ खटकली: फर्मी या गॅमा किरण टिपणाऱ्या उपग्रह-दुर्बिणीचा दहा दिवसांचा डेटा, आणि 'एलएस आय +६१ ३०३ मंदावलेला दिसतो.'

आपल्या गावचा बाजार सोमवारचा. परगावचा पाहुणा मंगळवारी आला, रिकामे ओटे अन् वाळलेला कोथिंबिरीचा पाला बघून म्हणाला, 'इथं बाजारच भरत नाही', तर तू हसशील की नाही? तू तेच करायलीस. एलएस आय +६१ ३०३ ही दोघांची जोडी, एकमेकांभोवती २६.५ दिवसांत एक फेरी पुरी करते. तुझे दहा दिवस फेरीचा कोणता हिस्सा होते, ते तू लिहिलेलंच नाहीस.

जोडीतला मोठा तारा स्वतःभोवती इतका गरगरतो की त्याच्या पोटाभोवती वायूची चकती झालीय. धाकटा बहुधा पल्सार, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गरगरता गाभा, ठरावीक अंतरानं ठोके देणारा. २०२२ मध्ये चीनच्या फास्ट दुर्बिणीचा निकाल आला, त्यात ०.२७ सेकंदाच्या अंतरानं येणारे रेडिओ ठोके सापडले होते. दोघांचे वारे एकमेकांवर आदळतात, तिथं इलेक्ट्रॉन वेग घेतात आणि ताऱ्याच्या साध्या उजेडाला टक्कर देऊन त्याचे गॅमा किरण करतात. कक्षा चांगलीच लांबट, त्यामुळं ही झोंबी रोज सारखी नसते.

आता यातली मेख बघ. फर्मीच्या ऊर्जापट्ट्यात ही जोडी दोघं जवळ येऊन गेल्यावर लगेच चढते. स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणींनी २००६ मध्ये त्याहून हजारपट ऊर्जेचे किरण दाखवले, ते मात्र दोघं लांब असताना! जवळ असताना ताऱ्याचा उजेड इतका दाट असतो की ते जबर किरण त्याच्यावर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होऊन संपतात. हे पुरतं उत्तर नाही, पण विचार इथून सुरू कर. तेव्हा 'मंदावला' लिहिताना कोणत्या ऊर्जेला आणि कोणत्या फेजला, म्हणजे फेरीच्या कोणत्या टप्प्यावर, दोन्ही लिहायचं.

शिवाय सुगीतला सोमवार आणि आषाढातला सोमवार एक नसतो. या जोडीला १६६७ दिवसांचं, म्हणजे साडेचार वर्षांचं आणखी एक चक्र आहे. एका महिन्याचा उंचवटा पुढच्या वर्षी तसाच येईल असं धरून चालू नकोस. फर्मीचा डेटा २००८ पासूनचा आहे आणि फुकट आहे. सगळा घे. नेट रडत असेल तर रात्री दोनला डाउनलोड लाव.

आता माझी फजिती. मीही हाच डेटा घेतला होता, फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण मोजले, चढउतार किती दिवसांनी फिरून येतो तो काळ शोधला आणि २६.५ च्या आसपास सणसणीत शिखर आलं. एका कार्यशाळेत ताठ मानेनं दाखवलं. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, 'सर, उपग्रहाच्या कक्षेचं प्रतल किती दिवसांत फिरतं?' साधारण ५३ दिवसांत. निम्मे कर! दुर्बिणीनं त्या दिशेला किती वेळ बघितलं, ते एक्स्पोजर मी भागलंच नव्हतं. त्या शिखरातलं ताऱ्याचं किती आणि उपग्रहाचं किती, मला सांगता येईना. आकडा बरोबर होता, म्हणूनच चूक दिसली नाही. चुकीचा आकडा आला असता तर मी रात्रभर जागून शोधला असता.

म्हणून तुझी तीच स्क्रिप्ट, एक अक्षर न बदलता, सीटीए १ या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषातल्या पल्सारवर चालव. तो शेजारीच, वृषपर्वा तारकासमूहात आहे, आणि दिवसागणिक त्याची चमक बदलत नाही. तिथंही २६-२७ दिवसांचा उंचवटा आला तर तो ताऱ्याचा नाही, तुझ्या हिशोबाचा. दुसरं, कमी ऊर्जेच्या फोटॉनची दिशा काही अंशांनी चुकते आणि तुझी जोडी आकाशगंगेच्या पट्ट्यात आहे. शेजाऱ्यांचे फोटॉन आपल्या खात्यात धरू नकोस.

दिवाळीनंतर शेतावर गेलीस तर रात्री उत्तरेला शर्मिष्ठा बघ. तुझी जोडी त्याच तारकासमूहात आहे; नुसत्या डोळ्यांना दिसायची नाही, पण तिची जागा माहीत असावी.

सीटीए १ चा आलेख आधी पाठव. तुझ्या ताऱ्याचं मग बघू.

तुझा,
सर